बघून ठेवा

पूर्वी वस्तू घ्यायला जायचे म्हणजे फक्त घ्यायलाच जायचे. निवडण्याचे काम दुकानदाराकडे असे. "एक टॉर्च द्या" म्हटले की तो एक टॉर्च देई. ती पेटली तर चांगली, नाही पेटली तर दुसरी देई. कॅमेऱ्याचेही तसेच होते. मध्यमवर्गीय घरात आगफा क्लिक-थ्री नावाचा काळा डबा असे, किंवा तो ज्यांच्याकडे आहे असे एक काका असत. रोळात फोटो बारा. त्यामुळे लग्नात मुलीकडचे सहा आणि मुलाकडचे सहा अशी बोलणी हुंड्याइतक्याच गांभीर्याने होत. ऊन आहे की ढग आहेत, एवढा एकच प्रश्न तो कॅमेरा विचारी आणि त्याचे उत्तर वर बघून देता येई.

हल्लीचा कॅमेरा विकत घ्यायचा म्हणजे आपणच तोंडी परीक्षेला बसायचे.

आमची कन्या आठवड्याचे पाच दिवस संगणकासमोर बसते आणि शनिवार-रविवारी सह्याद्रीच्या कड्यांना लटकते. यात तिला विश्रांती मिळते म्हणे. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, मला ॲक्शन कॅमेरा घ्यायचाय. बघून ठेवाल का?"

'बघून ठेवा' हा आमच्या घरात मला मिळालेला एकमेव अधिकार आहे. पाण्याचा फिल्टर घेताना मी चार महिने बघून ठेवले होते. वहीत रकाने आखून. त्या काळात घरातले सगळे उकळलेले पाणी प्यायले, पण कुणाची तक्रार नव्हती.

"पण हवाय कशाला?" मी विचारले.

ती स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाली, "आईला एकदा दाखवायचंय मी काय करते ते. तिला वाटतं, मी दर रविवारी मरायलाच जाते."

हे खरे होते. कन्या पहाटे दोर खांद्यावर टाकून निघाली, की आमची ही "डबा घेतलास?" एवढेच विचारते. मग दिवसभर माळा आवरते. दर रविवारी. आमच्याइतका स्वच्छ माळा पुण्यात दुसऱ्या कुणाचा नसेल.

तर वही उघडली. पहिली अडचण 'ॲक्शन' या शब्दाचीच. ॲक्शन म्हटले की माझ्या पिढीला बापू नाडकर्णी आठवतात. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्याच्या चित्रणाला कुठलाही कॅमेरा चालला असता. मधे चहा पिऊन आले तरी काही चुकले नसते. पण ही ॲक्शन वेगळी. इथे कॅमेरा धरायला हात मोकळा नसतो. निक वुडमन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या तरुणाला लाटांवर स्वार झालेले आपले फोटो हवे होते आणि काठावरचा फोटोवाला फार लांब पडे. म्हणून तो मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा करायला निघाला. २००२ साली त्याने गोप्रो कंपनी काढली आणि २००४ साली पहिला कॅमेरा विकायला आणला. त्यात चक्क ३५ मिलिमीटरचा रोळ घालावा लागे. हे वाचून मला त्या माणसाबद्दल जरा आपुलकी वाटली.

पुढचे रकाने मात्र आपुलकीचे नव्हते.

"४के पाहिजे. त्याखाली बघूच नका," असे आमचे मेहुणे म्हणाले. ४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. मेहुण्यांचा टीव्ही जुना आहे, त्यावर यातले निम्मेही दिसत नाहीत. पण सल्ल्याला टीव्ही लागत नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, फ्रेम्स बघा. सेकंदाला २४०!" मी मनातल्या मनात बारांनी भागले. एका सेकंदात वीस रोळ! आमच्या घराण्यातली सगळी लग्ने, मुंजी आणि एक षष्ट्यब्दी मिळून वीस रोळ झाले नसतील. "एवढ्या कशाला?" म्हटले, तर म्हणाला, "स्लो मोशनला. एक सेकंद आठ सेकंद चालतो." ही सोय पेन्शनच्या दिवशी आमच्या बँकेच्या काउंटरवर बिनकॅमेऱ्याची आहे.

मग कार्ड. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केले, तर तासाला ४५ जीबी खर्ची पडतात. तेव्हा कार्ड नुसते मोठे असून भागत नाही, ते तितक्या वेगाने लिहून घेणारे लागते. त्यावर व्ही३० असे लिहिलेले असते. म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. १० मीटर पाण्यात चालणारा कॅमेरा घ्यावा, असेही दुकानातल्या मुलाचे मत पडले. पण ओल्या कातळावर कन्या जात नाही आणि पावसाळ्यात दोर घरीच वाळत असतो, म्हणून त्या रकान्यावर काट मारली.

स्थिरीकरण नावाची युक्ती मात्र मला पटली. आत एक गिरकीमापक असतो, तो धक्के ओळखतो आणि त्याप्रमाणे चित्र सरकवतो. त्यासाठी चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात. कड्याच्या चित्राच्या कडा! मी हे कन्येला सांगितले. ती हसली नाही. तिने एकच अट घातली, "बाबा, काहीही घ्या, पण त्याला बांधायला दोरी हवी. वरून वस्तू पडली तर खालच्याच्या डोक्यात जाते." शंभर जाहिराती वाचल्या होत्या, ही गोष्ट एकीतही नव्हती. मी ती वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिली.

जागेचाही प्रश्न निघाला. हेल्मेटवर लावला तर मान वळेल तिकडे चित्र वळते आणि बघणाऱ्याला बसची लागते तशी लागते. छातीवर लावला तर समोरचा खडक आणि आपले दोन हात दिसतात. छाती ठरली.

आता उरले भिंग, आणि खरे दुखणे तिथेच निघाले. रात्री जेवणानंतर मी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रणे टीव्हीवर लावून ताडत असे. ही शेजारी मेथी निवडत बसे. एकदा लोणावळ्याजवळच्या नागफणीची चढाई लागली. आपल्याला तिथे नागाचा फणा दिसला, इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक. ज्याची त्याची भक्ती. तर ती सरळसोट भिंत पडद्यावर अगदी पर्वतीच्या चढणीसारखी दिसत होती. ही मेथी निवडता निवडता म्हणाली, "बरं दिसतंय की. फार काही उभं नाही."

मी गप्प बसलो. कारण त्याच दुपारी मी वाचले होते, की या कॅमेऱ्यांचे भिंग फार रुंद असते. त्यात लांबचे आणखी लांब जाते आणि खोली कळेनाशी होते. शिवाय माणूस कलला की कॅमेराही कलतो, मग आडवे काय आणि उभे काय याचा पत्ताच राहात नाही. उभा कडा निजलेला दिसतो. बर्फावरून घसरणारे आणि डोंगरावरून सायकल सोडणारे सगळे एका सुरात हीच तक्रार करतात, की आम्ही जीव मुठीत धरून उतरतो आणि घरचे म्हणतात, एवढंच होय? कॅमेऱ्यात रुंदही दाखवता येते आणि सरळही. सरळमध्ये वाकलेल्या रेषा ताठ होतात, कडा थोडा कड्यासारखा होतो.

मी कन्येला बाजूला घेऊन विचारले, "आईला खरं दाखवायचं, की बरं दाखवायचं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही ठरवा, बाबा."

मेहुणे, दुकानदार, वही, कुणाकडेच याचे उत्तर नव्हते. रविवारी पहाटे कन्या निघायच्या आधी मी कॅमेरा हातात घेतला आणि 'सरळ'वर ठेवला.

संध्याकाळी तिघे टीव्हीसमोर बसलो. कन्या आंघोळ करून पोहे खात होती. पडद्यावर आधी तिचे दोन हात दिसले. दोराची गाठ मारताना, मग ती ओढून बघताना. मग जोडीदाराने तीच गाठ पुन्हा तपासली. ही म्हणाली, "शाळेत बुटाची नाडी दोनदा बांधली असतीस तर!" मग कडा सुरू झाला. हात एकेक खाच चाचपत वर जात होते. माइकमध्ये वारा भरला होता आणि वाऱ्यातून मधेच तिचा श्वास ऐकू येत होता. मी भिंगाबद्दल काहीतरी सांगू लागलो, की हे जरा जास्तच उभे दिसते...

"मला कळतं," ही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "दोर बघा की. लोंबता दोर कधी तिरपा असतो का? कडा त्याला चिकटून सरळ वर गेलाय. त्या दिवशीच्या सिनेमातही तसाच होता."

"मग त्या दिवशी 'फार उभं नाही' का म्हणालीस?"

"तुम्ही घाबरला होतात म्हणून."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. इतक्यात माथ्याच्या चार हात खाली पडदा काळा झाला. बॅटरी. या कॅमेऱ्यांची बॅटरी तास-सव्वातास चालते, आणि माथा तिच्यासाठी थांबत नाही.

"अहो, पुढचं कुठाय? वर पोचली का ही?"

"आई! मी इथे बसलेय! पोहे खातेय!"

हिने वळून तिच्याकडे नीट बघितले, वरपासून खालपर्यंत, आणि बशीत आणखी पोहे वाढले. मग मला म्हणाली, "तिला जास्तीची एक बॅटरी घेऊन द्या. उगीच चार महिने बघत बसू नका."