ओतारूचा बुजवलेला अर्धा कालवा

"काका, तिकडे बघण्यासारखं काही नाही. बस लागलीय, चला." आमच्या टूर मॅनेजरचं हे वाक्य मला अजून टोचतं. कार्यक्रमपत्रिकेत जपानमधल्या ओतारूच्या कालव्याला पाऊण तास, आणि काचसामान नि म्युझिक बॉक्सच्या दुकानांना दोन तास! पैसे मात्र पूर्ण आगाऊ भरलेले.

पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्यामुळे कालवा दिसला की मी आधी उतार शोधतो. इथे उतारच नाही, कारण हा कालवा कोणी खणलेलाच नाही. किनाऱ्यासमोरच्या समुद्रात भराव घातला आणि मधे पाण्याची पट्टी सोडली. 1914 ला सुरू झालेलं काम 1923 ला संपलं. मोठी जहाजं बंदरात उभी राहत आणि पडाव माल घेऊन थेट गोदामांच्या दाराशी येत. पुढे जहाजांसाठी धक्के झाले, पडाव निकामी झाले, पाण्यात गाळ साठून दुर्गंधी सुटली. मग 1966 मध्ये रस्त्याची योजना आली: अख्खा कालवाच बुजवायचा. 1973 मध्ये नागरिकांनी बचाव संघटना काढली, दहा वर्षांहून जास्त भांडले. शेवटी तडजोड झाली आणि 1986 पर्यंत 40 मीटर रुंदीचा कालवा 20 मीटरचा झाला. उरलेल्या भागावर रस्ता.

हे वाचून होतो, तरी आसाकुसा पुलापाशी पोचल्यावर माझं डोकं फिरलं. पलीकडे दगडी गोदामांची सुंदर रांग, अलीकडे भरधाव मोटारी. सगळे पर्यटक रस्त्याकडे पाठ करून फोटो काढतात, म्हणजे फोटोत मोटार येत नाही. 'अर्धं तुमचं, अर्धं आमचं' असा तोडगा काढणाऱ्या बैठकांना मीही बसलोय. तिथे चहा येतो, नकाशावर पेन्सिलीने एक रेघ ओढली जाते आणि दोन्ही बाजू आपण जिंकलो म्हणून घरी जातात. पाण्याला कोणी विचारत नाही. पुण्यात आपण मुठेच्या पात्रातच रस्ता केला, त्यामुळे जपान्यांना नावं ठेवायचा आपल्याला फारसा अधिकार नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी ग्रुप साप्पोरोत बिअर म्युझियमला गेला आणि मी रेल्वेने एकटाच ओतारूला परतलो. पाण्याच्या कडेने उत्तरेकडे चालत राहिलो. गर्दी विरळ होत संपली, आणि अचानक कालवा रुंद झाला! उत्तरेच्या या टोकाला मूळ 40 मीटर रुंदी शाबूत आहे. मासेमारीच्या लहान होड्या बांधलेल्या, समोर होक्काई कंपनीचा डबे बनवण्याचा जुना काँक्रीटचा कारखाना. तो पाहून आठवलं: 'खेकड्यांचं जहाज' ही कामगारांच्या हालांची कादंबरी 1929 मध्ये लिहिणारा ताकिजी कोबायाशी याच गावात वाढला, इथल्या बँकेत कारकून होता. 1933 मध्ये पोलिसांच्या छळात तो मेला. अण्णा भाऊंचा वाचक असलेल्या माणसाला हे गाव केवळ काचेच्या खेळण्यांचं कसं वाटेल?

थोडं पुढे निप्पोन युसेन या जहाज कंपनीची 1906 ची दगडी इमारत आहे. रशिया-जपान युद्धानंतर साखालिन बेटावरची सीमा आखणाऱ्या दोन्ही देशांच्या प्रतिनिधींची बैठक त्याच वर्षी तिच्या वरच्या मजल्यावर भरली होती. मी बाहेरूनच पाहिली. तेवढ्या वेळात दुसरा एकही पर्यटक आला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा कालव्याकाठचे गॅसचे दिवे लागले होते. त्या पायवाटेवर रेंगाळताना लक्षात आलं की ही वाटही अर्धा कालवा बुजवणाऱ्या त्याच भरावावर आहे. तो नसता तर मला उभं राहायला ही जागाच नव्हती. आदल्या दिवशीचा राग निम्मा ओसरला. निम्मा आहे, राहू दे.

तुम्ही गेलात तर पुलावर फोटो जरूर काढा. मग समुद्र उजव्या हाताला ठेवून निदान कारखान्यापर्यंत चाला. दुकानं कुठे पळून जात नाहीत.