ओल्खोन बेटाभोवतीचा बर्फ

सायबेरियातील बायकाल हे जगातील सर्वांत खोल सरोवर. त्याची खोली १,६४२ मीटर आणि लांबी सुमारे ६३६ किलोमीटर. जानेवारीत ते गोठते आणि मे महिन्यात मोकळे होते. हा बर्फ पाहायला आणि टिपायला येणारे बहुतेक प्रवासी ओल्खोन बेटाकडे वळतात, आणि ती निवड योग्यच आहे. या भागात हिमवर्षाव कमी होतो; पडलेले हिम वारा उडवून नेतो आणि खालचा बर्फ उघडा राहतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढचा महिनाभर प्रवासाला सर्वांत चांगला.

इर्कुत्स्कहून निघालेला रस्ता उघड्या गवताळ टेकड्यांमधून साख्युर्ता गावी येऊन संपतो. पुढे सामुद्रधुनी. ती कच्ची गोठलेली असते तेव्हा हवेच्या गादीवर सरकणारी हॉवरक्राफ्ट माणसे नेते. बर्फ पक्का झाला, त्याची जाडी मोजून झाली, की त्यावरूनच मोटारींची वाट आखली जाते. मुक्काम खुझीर गावात. गावाला लागून असलेले बुर्खान भूशिर बुर्यात लोकांना पवित्र आहे. तेथे रंगीत फिती बांधलेले लाकडी खांब उभे आहेत. चित्राच्या चौकटीसाठी त्यांना हात लावू नये.

बर्फाची पहिली रूपे तयार होतात ती सरोवर गोठण्याआधी. हिवाळ्याच्या तोंडावर वादळी लाटा कड्यांवर आदळतात, उडालेले पाणी खडकावरच गोठते आणि थरांवर थर चढत जातात. त्यामुळे वाऱ्याच्या बाजूच्या कड्यांवर हा लेप जाड दिसतो, आडोशाच्या बाजूला जवळजवळ नसतो. कपारींच्या छतांवरून बर्फाच्या सुळ्या लोंबतात. त्यांचे चित्र आतून बाहेर, उजेडाकडे तोंड करून घ्यावे. सूर्य क्षितिजालगत असताना सुळ्यांमधून प्रकाश आरपार येतो. त्यांच्या नेमके खाली मात्र उभे राहू नये.

कड्यांपासून दूर सपाट बर्फ लागतो आणि खरे आश्चर्य तेथेच आहे. पाण्यात क्षार कमी असतात. बर्फ वरून खाली हळूहळू वाढतो आणि विरघळलेले पदार्थ व हवा पुढे ढकलत जातो, म्हणून तो काचेइतका पारदर्शक होतो. खालच्या खोल पाण्यामुळे काही ठिकाणी तो काळा भासतो. जाड तुकड्यांत मात्र निळा रंग दिसतो, कारण बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषतो. हा निळा रंग संगणकावर गडद करण्याची मुळीच गरज नसते. वरचे चकाकणारे प्रतिबिंब पोलरायझर फिल्टरने कमी केले, की आतल्या पांढऱ्या भेगांचे पडदे खोलवर उतरताना दिसतात. रात्री थंडीने बर्फ आकुंचन पावतो तेव्हा या भेगा मोठ्या आवाजाने फुटतात. दिवसा तो प्रसरण पावतो, कडा एकमेकींवर चढतात आणि फुटलेल्या लाद्यांच्या रांगा उभ्या राहतात. उत्तरेकडच्या खोबोय भूशिराच्या वाटेवर अशा रांगा आडव्या येतात. उभ्याने घेतलेल्या चित्रात त्या सपाट वाटतात. कॅमेरा बर्फाला टेकवून, उन्हाकडे रोखून घेतलेल्या चित्रात लाद्यांची जाडी आणि रंग दोन्ही येतात.

बेट आणि पश्चिम किनारा यांमधील मालोये मोरे हा भाग उथळ आहे. तळाच्या गाळातून निघालेला मिथेन वर येतो, बर्फाच्या खालच्या बाजूला अडकतो आणि त्याखाली नवा बर्फ धरतो. पांढऱ्या चकत्यांच्या उतरंडी अशा तयार होतात. कधी एखादा दगड बर्फाच्या बारीक खांबावर तोललेला आढळतो. निकोला ताबेर्ले आणि निकोला प्लिहोन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये याचा उलगडा केला. उन्हामुळे भोवतालच्या बर्फाचे संप्लवन होते, म्हणजे तो न वितळता थेट वाफ होतो; दगडाच्या सावलीतला बर्फ मागे राहतो.

बुटांना लोखंडी काटे हवेतच. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्या. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर त्यावर दव धरते.

एप्रिलमध्ये उन्हाने बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटू लागतात. जाडी पुष्कळ असली तरी तो भार पेलत नाही, आणि बर्फावरची वाहतूक त्यापूर्वीच बंद केली जाते.