आईच्या हातचे रोप

वडिलांच्या बदलीचा हुकूम हाती पडला आणि धुळ्याहून नवापूर तालुक्यातील विसरवाडीस आमचे बिऱ्हाड निघाले, त्या दिवशी सारी बांधाबांध संपल्यावर आईने जे गाठोडे उचलले आणि कोंडाईबारीचा घाट उतरेपर्यंत मांडीवरून खाली ठेवले नाही, त्यात दागिना नव्हता, देवही नव्हते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले डे लिलीचे चार मुनवे होते.

लिली म्हणतात खरी, पण खऱ्या लिलीसारखा हिला कांदा नसतो. मातीखाली मांसल मुळांचा झुबका असतो. पावसाळ्यात रानातून मुसळी खणून आणणाऱ्या आमच्या मावची शेजारणीने ती मुळे पाहताच, ही मुसळीच, असा निर्वाळा दिला होता, आणि मुळांपुरते पाहिले तर तिचे फारसे चुकले नव्हते.

पहाटे उमललेले नारिंगी फूल दिवेलागणीस मिटते आणि दुसऱ्या सकाळी ओल्या वातीसारखी पिळदार गुंडाळी होऊन दांड्याला लोंबत राहते. स्नान आटोपून आई त्या गुंडाळ्या एकेक करून चिमटीने खुडीत असे. बोटांना चिकट, तांबूस डाग पडत, आणि शेजारची कळी तोवर उमललेली असे. लिनियसने 1753 साली या प्रजातीला दिलेल्या नावात ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ हे दोन ग्रीक शब्द एकत्र आले आहेत. चीन ही तर या वनस्पतीची मायभूमी. तेथे तिच्या सुकवलेल्या कळ्या खातात, मातेशी तिचे नाते जोडतात आणि तिला दुःख विसरायला लावणारी वनस्पती म्हणतात. विसरवाडीच्या घरात, आईच्या पश्चात पहिल्याच वर्षी मी हे वाचले, आणि पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिले.

त्याच वर्षी माझ्या हातून अपराध घडला. घराच्या दुरुस्तीसाठी ते बेट हलवताना, खोल लावले म्हणजे पक्के रुजेल या समजुतीने मी ते वीतभर खाली काळ्या मातीत पुरले. श्रावणात आळ्यात पाणी साचले, पानांचे बुडखे कुजले, आणि उपटू गेले तो दुर्गंधी लगदा हाती आला. ओट्याच्या दगडालगत, उंचवट्यावर पडलेला एकच मुनवा तेवढा वाचला. पान आणि मूळ जेथे मिळतात तो सांधा मातीखाली बोटभरच असावा, काळ्या मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे, तीन-चार वर्षांनी बेट फोडावे, हे सारे मी त्या एका मुनव्यापायी शिकले.

ही जुनी नारिंगी जात बी धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात. न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानातील आर्लो स्टाउट यांनी तिच्या वंध्यत्वाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि 1934 साली डे लिलीवर ग्रंथ लिहिला. बी नाही, म्हणजे संततीही नाही. फुटव्याने वाढते तो त्याच देहाचा विस्तार. तेव्हा माझ्या अंगणात आहे ते आईच्या रोपाचे नातवंड नव्हे, आईने मांडीवर आणलेले तेच रोप आहे. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, कागदोपत्री आमचा पत्ता बदलला, बेट मात्र ओट्याच्या दगडालगत होते तेथेच राहिले.

यंदा ज्येष्ठात लेकीने सुरतेला नेण्यासाठी दोन मुनवे मागितले. खुरप्याने बेट फोडले, मुळांची माती झटकली, पाने अर्धी छाटली. गोणपाट काही सापडेना. शेवटी आईच्या लुगड्याचा एक धडपा भिजवून त्यात ते बांधून दिले.