सूचनेविना प्रवेश

ज्या पात्राची सूचना आधी झालेली नाही त्याने रंगमंचावर येऊ नये, असा संस्कृत नाट्यपरंपरेतला एक दंडक आहे. रंगमंचावर उभे असलेले कोणीतरी 'हे पाहा, आर्य इकडेच येत आहेत' असे म्हणते आणि मग आर्य येतात. वर्गात हे शिकवू लागले की विद्यार्थी गालात हसतात. त्यांना ती जुन्या काळची एक सोय वाटते. दंडकाला अपवादही आहे. घाईने, भयाने वा क्रोधाने येणाऱ्याला सूचना लागत नाही, तो पडदा झटकून थेट आत येतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात आंब्याचा मोहोर खुडणाऱ्या दासींवर संतापलेला कंचुकी असाच येतो. 'अपटीक्षेपेण' हा त्यासाठीचा शब्द परीक्षेत टिपा लिहिण्यापुरता बहुतेकांच्या लक्षात राहतो.

आम्ही सहा जणांनी २०१८ पासून आंतरजालावर जो खेळ मांडला आहे, त्यात मात्र हा दंडक आम्हांला वरचेवर आठवतो. आमच्यापैकी दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतात, एक जण बंगळुरात संगणकाचे काम करतो, एक न्यू जर्सीत असते, एक गोव्यात. सहाव्याविषयी पुढे येईलच. या खेळाला इंग्रजीत रोलप्ले म्हणतात आणि त्याला समर्पक मराठी शब्द आम्हांला अजून सापडलेला नाही. 'सोंग घेणे' जवळचे आहे, पण त्याला आपल्याकडे उगीचच लबाडीचा वास लागला आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि त्याचे बोलणे-चालणे लिहायचे. एकाने परिच्छेद टंकला की दुसऱ्याने तिथून धागा उचलायचा. गोष्ट कोणा एकाची नसते आणि पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. नियम दोनच. दुसऱ्याच्या पात्राने काय केले, त्याला काय वाटले, हे आपण लिहायचे नाही. आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते आपल्या पात्राला ठाऊक असलेच पाहिजे असे नाही.

दुसरा नियम आमच्या खेळात फार जाचतो, कारण आमची गोष्ट १७५५ सालात घडते. स्थळ विजयदुर्गाच्या उत्तरेचे एक लहानसे काल्पनिक बंदर. तुळाजी आंग्र्यांचा अंमल. बंदरावर जकातीची चौकी, खाडीपलीकडे नेणारी एक होडी, देवीचे देऊळ, दुरुस्तीला ओढून ठेवलेली दोन गलबते. पात्रे म्हणजे एक तांडेल, एक गुरव, एक वैद्य, एक सुतार, सावकाराची विधवा सून आणि चौकीवरचा कारकून अंतोबा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार आणि पेशव्यांची फौज मिळून विजयदुर्ग घेणार आहेत, आंग्र्यांचे आरमार जळणार आहे, हे आम्हां सर्वांना पाठ आहे. आमचा सुतार मात्र गलबताला नवी फळी बसवत असतो आणि ती वीस वर्षे टिकेल अशी ग्वाही देत असतो. अशा वेळी पडद्याकडे बघत बसलेल्या आम्हांला त्याला काहीही सांगता येत नाही. (खेळ इतका संथ चालतो की आमच्या पहिल्या तीन वर्षांत त्यांचे जेमतेम चाळीस दिवस उलटले. फेब्रुवारी अजून लांब आहे.)

अशा चालू गोष्टीत नवे पात्र आणणे हे या खेळातले सर्वांत अवघड काम. कादंबरीकाराला ते सोपे असते. त्याची सगळी पात्रे त्याचीच, तो हवे तेव्हा दार उघडतो. आमच्याकडे येणारा मनुष्यही नवा आणि त्याचे पात्रही नवे. दोघांना एकदमच जागा करून द्यायची असते, आणि ज्यांनी ती द्यायची ते आधीच आपापल्या कामात गुंतलेले असतात. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' नावाचे एक शब्दमय घर संगणकावर उभारले. त्यात चित्र एकही नाही, सर्व खोल्या वाक्यांच्या. त्या घरात नवागत प्रथम प्रकटतो तो कोट टांगण्याच्या कपाटात. आत अंधार आणि अडचण. दार उघडून बाहेर पाऊल टाकले की तो दिवाणखान्यात येतो. आम्हांला ही योजना फार शहाणपणाची वाटते. घरात शिरण्यापूर्वी घटकाभर कोटांमध्ये उभे राहावे, आपण आहोत याची कोणाला फारशी जाणीव नसावी.

पण बहुतेक नवागत कपाटात थांबायला तयार नसतात. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांच्याच हाती वेळ होता, तेव्हा एक तरुण मित्र आमच्यात आला. त्याने पात्राची चार पानी पत्रिका विरोपाने पाठवली. पात्र कोण, तर आंग्र्यांच्या आरमारातला एक सरदारपुत्र. फ्रेंच आणि पोर्तुगीज जाणणारा, तलवारीत अजिंक्य, बालपणी आईबापांचा वियोग झालेला, डाव्या डोळ्याखाली व्रण, आणि आंग्र्यांवर १७५६ मध्ये कोसळणारे संकट एकट्यालाच आधी कळलेला. पहिल्याच परिच्छेदात तो घोड्यावरून बाजारात शिरला आणि 'सर्वांचे श्वास रोखले गेले' असे त्याने लिहून टाकले. आमच्या वैद्याचा श्वास कोणी रोखला, हे वैद्याला विचारलेच नव्हते. वैद्याने पुढल्या परिच्छेदात शांतपणे ओवा कुटला. गुरवाने घंटा वाजवली. सरदारपुत्र बाजारात दोन आठवडे घोड्यावर बसून राहिला आणि मग तो मित्र यायचा थांबला.

या प्रकाराला इंग्रजीत एक नाव आहे, आणि त्याचा जन्मही गमतीचा आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या अमेरिकन लेखिकेने 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या एका हौशी नियतकालिकात एक छोटे विडंबन लिहिले. त्यातली मेरी सू ही साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट ताफ्यात सर्वांत तरुण, सर्वगुणसंपन्न, सर्वांची लाडकी, आणि अखेर तिच्यासाठी सगळे धाय मोकलून रडतात. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांत अशा नायिकांचा सुळसुळाट झाला होता, त्यावरची ती थट्टा होती. पुढे मेरी सू हे सामान्यनाम झाले, आणि त्याचा मारा मुख्यतः कोवळ्या वयात लिहू लागलेल्या मुलींवर झाला, हेही नमूद करायला हवे. सर्वगुणसंपन्न नायक पुरुषांनी लिहिले की त्याला साहसकथा म्हणतात. म्हणून त्या तरुण मित्राला हसणे आम्हांला योग्य वाटत नाही. परिपूर्ण पात्र रचणे हा दोष नव्हेच. एकट्याने लिहायच्या कथेत ते खपूनही गेले असते. अडचण एवढीच, की त्या सरदारपुत्राला कोणाकडून काहीही नको होते. ज्याला काही नको, त्याच्याशी बाकीच्यांनी बोलायचे तरी काय?

'मृच्छकटिका'तला संवाहक आठवावा. दुसऱ्या अंकात तो येतो तो जुगारात हरलेल्या सुवर्णमुद्रांचे देणे चुकवून पळत, आणि ओस देवळात शिरून मूर्ती बनून उभा राहतो. तो कोण, कुठला, हे आपल्याला नंतर कळते. आधी कळते ते त्याच्यामागे लागलेले देणे. त्या एका देण्यामुळे मागे धावणाऱ्या सभिकाला काम मिळते, आसरा देणाऱ्या वसंतसेनेला काम मिळते, आणि शेवटच्या अंकापर्यंत पुरेल एवढे कथेला मिळते. देणेकऱ्याचा प्रवेश हा आमच्या मते प्रवेशाचा उत्तम नमुना होय. असो.

आता आमच्या सहाव्या खेळाडूविषयी. अंतोबा कारकून लिहिणारे आमचे स्नेही वयाने सर्वांत मोठे होते. अंतोबा चिकट, शिस्तीचा, नारळ मोजताना ओठ हलवणारा. २०२१ च्या एप्रिलात एका रात्री त्यांनी लिहिले की अंतोबा वसुलीचा हिशेब घेऊन होडीत बसला आणि खाडीपलीकडे निघाला. पुढचा परिच्छेद आला नाही. का आला नाही हे त्या महिन्यात कोणी कोणाला विचारत नव्हते.

खेळ थांबला. पुढे सहा महिन्यांनी कोणीतरी सुतारासाठी दोन ओळी लिहिल्या, आणि लगेच प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याच्या पात्राचे काही लिहायचे नाही हा आमचाच नियम. मग अंतोबाला पैलतीरी कोणी उतरवायचे? त्याला बुडवणे आमच्याने होईना, आणि परत आणून चौकीवर बसवणे तर त्याहून वाईट, कारण मग त्याचे ओठ कोणीतरी हलवावे लागले असते. आमच्यात यावरून कडाक्याचे मतभेद झाले. एकाचे म्हणणे, चौकीवर दुसरा कारकून आणावा, दौलत कोणासाठी थांबत नाही. दुसरीचे म्हणणे, बंदरच बंद करावे. वर्षभर होडी खाडीच्या मध्यावर राहिली. आम्ही बाकीचे कधीमधी लिहीत होतो ते किनाऱ्याकडे पाठ करून.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका शिक्षिकेची विद्यार्थिनी खेळात येऊ इच्छिते असे कळले. मुलगी सिंधुदुर्गातली, दशावतार बघत वाढलेली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात आणि संवाद नटांना तिथल्या तिथे सुचतात. समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर कान ठेवल्याखेरीज नव्याने येणाऱ्याचा निभाव लागत नाही. तिने पत्रिका पाठवली नाही. 'सर, आधी सगळं वाचते, मग सांगते', एवढाच निरोप आला. मग दोन महिने काहीच नाही. आम्हांला वाटले, तीन वर्षांचा तो पसारा बघून बिचारी पळाली.

सप्टेंबरात तिने चार ओळी लिहिल्या. एक कासारीण चौकीच्या पायरीवर येऊन बसली आहे. तिच्या हातात एक चिठ्ठी आहे आणि पदराच्या गाठीत पैसे. तिची बांगड्यांची पेटी जकातीपायी चौकीत अडकवून ठेवलेली होती, ती सोडवायला ती आली आहे. इतकेच. दिसायला कशी, वय काय, तिचे दुःख काय, एक अक्षर नाही. आजूबाजूच्या कोणी तिच्याकडे पाहिले की नाही हेही तिने आमच्यावर सोडले होते.

खेळाबाहेरच्या आमच्या गप्पांत लगोलग आक्षेप आला. अंतोबाने पेटी अडकवली हे या मुलीने कसे लिहिले? ते तर अंतोबाचे कृत्य. नियम मोडला. आक्षेप रास्त होता, आणि तो घेणारा मनुष्य आमच्या त्या स्नेह्याच्या सर्वांत जवळचा होता. मुलीने वाद घातला नाही. तिने २०१९ मधल्या एका परिच्छेदाचा दुवा तेवढा पाठवला. त्यात मिठाच्या पडावावरून तांडेल आणि अंतोबा यांचे मोठे भांडण होते. ते भांडण आम्हांला पाठ होते. पण त्याच्या शेवटी आमच्या स्नेह्याने जाता जाता लिहिले होते की अंतोबाने कोणा कासारणीची पेटी कोठडीत ठेवली, तिला चिठ्ठी लिहून दिली, आणि मग तो जेवायला गेला. त्या वाक्याकडे आम्ही कोणी वळूनही पाहिले नव्हते, भांडणाच्या भरात ते वाहून गेले होते. बहुधा लिहिणाऱ्यालाही त्यातून पुढे काही करायचे नसावे. जेवायला जाण्यापूर्वी कारकुनाच्या हाताला काहीतरी काम हवे म्हणून त्याने ते दिले असेल.

म्हणजे कासारणीची सूचना झालेली होती. ज्याने ती केली तो आता नव्हता, पण दंडक पाळला गेला होता. आक्षेप घेणाऱ्याने तो दुवा उघडला आणि त्या रात्री तो गप्पांत पुन्हा आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या गुरवाने देवळातून कासारणीला पाण्याचा तांब्या पाठवला.

मग सगळेच हलले. चौकीच्या कोठडीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न निघाला. अंतोबा ती कमरेला बांधून होडीत बसला असणार, म्हणून सुताराला कुलूप काढायला बोलावणे गेले. पण सरकारी कुलूप काढायचे तर चार माणसांची साक्ष हवी, म्हणून वैद्य आला. सावकाराच्या सुनेने घासाघीस करून दोन काकणे आधीच ठरवून टाकली. आणि या सर्वांच्या आधी, कासारणीने तांडेलाला विचारले होते, 'तांडेलमामा, चौकीवरले कारकून खंय गेले?'

तांडेल लिहिणारी आमची मैत्रीण न्यू जर्सीत. तिच्याकडे तेव्हा पहाट होती. दीड वर्ष त्या होडीविषयी आमच्यापैकी कोणी एक शब्द लिहिला नव्हता. तिने लिहिले: 'होडी पलीकडे गेली, ती अजून येवक नाय.' कासारणीने मान डोलावली, चिठ्ठी पुन्हा पदराला बांधली आणि म्हणाली की तर मग पैसे ती तुमच्यापाशी ठेवून जाईल, ते आले की द्या. त्यावर बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. अखेर तांडेलाने पैसे घेतले आणि मोजले, आणि मोजताना त्याचे ओठ हलले. हे लिहिण्याचा तांडेलाला अधिकार होता. ओठ त्याचे होते.

पेटीत बांगड्या किती, हे मात्र २०१९ च्या त्या परिच्छेदात आलेले नाही. त्यावर खेळाबाहेर दोन दिवस वाद झाला. एकाचे म्हणणे, अंतोबाने मोजल्याच असतील, वहीत आकडा सापडेल, वही शोधावी. पण वही होडीत आहे. कुलूप काढून झाले आहे, पेटी अजून उघडलेली नाही.