'कांय करिना' म्हणणाऱ्या बाया

सरकारी अर्जात 'व्यवसाय' नावाचा एक रकाना असतो. गेली वीसेक वर्षे तो मी भरून घेत आले आहे. समोरच्या बाईला विचारावे, "मावशी, तुम्ही काय करता?" तर बहुतेक जणी ओशाळून म्हणतात, "कांय करिना गो बाय, घराच आसतां." मग 'गृहिणी' लिहायचे आणि पुढचा अर्ज हाती घ्यायचा.

पण हे उत्तर देणाऱ्या बाईचे हात तेवढे बघावेत. काजूच्या चिकाने बोटे काळवंडलेली, लावणीच्या चिखलात नखे गेलेली. काहीच न करणाऱ्या माणसाचे हात असे असतात का?

भिरंडांचेच बघा ना. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावांत दारोदारी भिरंडे फोडली जातात. बिया काढायच्या, सालींना मीठ आणि रस लावायचा, उन्हात घालायच्या, परत रसात बुडवून परत उन्हात घालायच्या. आभाळ भरून आले की धावत जाऊन गोळा करायच्या. ही सोले म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मांडली की तो धंदा, आणि पावसाळ्याच्या पुरुमेंताला बरणीत भरून ठेवली की ते घरकाम! ऊन तेच, कष्टही तेच. फरक एवढाच की एकात पैसा हातात येतो आणि दुसऱ्यात घरचा पैसा वाचतो. वाचलेला पैसा मात्र कोणी मोजत नाही.

गरिबाघरी हा वाचलेला पैसा फार मोठा असतो. खात्यापित्या घरात काम अडले तर माणूस लावता येते. गरीब घरात पाणी, जळण, शिळ्या भाताची पेज, आजारी सासऱ्याचे अंथरूण हे सगळे त्या बाईच्याच अंगावर, आणि वर दिवसाची मजुरी. आमच्या आजीच्या काळात मुंडकाराच्या बाया घरचे आटोपून भाटकाराच्या घरी सणासुदीला राबायला जात. त्या कामाला दाम नव्हते, कारण डोक्यावरचे छप्पर भाटकाराच्या जमिनीवर होते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घराला संरक्षण दिले. घरातल्या कामाचा हिशेब मात्र कुठल्याच कायद्यात आला नाही.

२०११ च्या जनगणनेत लहान मुली आणि म्हाताऱ्या धरून गोव्यातल्या शंभर बायांपैकी सुमारे २२ जणीच 'काम करणाऱ्या' ठरल्या. पुरुष सुमारे ५७. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे निघाले. २०१९ च्या अशाच पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली!

आता माझेच सांगते. मी रोज सकाळची बस गाठते ती कोणाच्या जिवावर? मुले लहान असताना सासूबाईंनी सांभाळली. आज धुणीभांडी करायला एक बाई येते. ती अशी चार घरे करते. तिची सातवीतली मुलगी शाळेला जाण्याआधी भात शिजवते आणि धाकट्या भावाला तयार करते. माझ्या कामाला पगार आहे, बाईच्या कामाला थोडा का होईना मोबदला आहे. साखळीच्या टोकाला ती मुलगी, तिच्या कामाला काहीच नाही. बाई कमवायला बाहेर पडली म्हणून घरचे काम संपत नाही, ते दुसऱ्या बाईकडे जाते. गरीब घरात ती दुसरी बाई बहुतेक वेळा थोरली मुलगी असते.

मग या कामाची किंमत कधी ठरते? बाई गेल्यावर. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून बाया-मुले दगावली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मोल महिन्याला ३००० रुपये धरले. मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात तर न कमावत्या पत्नीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरायची सोय होती. म्हणजे नवरा मजूर असला तर बायकोच्या स्वयंपाकाचीही किंमत कमी! २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला बसवल्याबद्दल २०१० साली याच न्यायालयाने कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली.

आपल्या गोव्यात २०१२ साली गृह आधार योजना आली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या गृहिणीच्या खात्यात दरमहा रक्कम पडू लागली. पुढे ती दीड हजार झाली, म्हणजे दिवसाला ५० रुपये. योजनेचा हेतू महागाईला हातभार हा होता, कामाचा मोबदला हा नव्हे. तरीही माझ्या मते तिचे मोल आहे. पासबुकावर स्वतःचे नाव पहिल्यांदाच बघणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पण गोव्यात पंधरा वर्षे वास्तव्य हवे ही अट असल्याने बाहेरून पोटापाण्यासाठी आलेल्या कितीतरी जणी तिच्या बाहेरच राहतात, आणि चार घरची भांडी घासणाऱ्या त्याच असतात.

येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. एक गोष्ट आपल्या हातात आहे. शेतात, कुळागरात किंवा घरच्या दुकानात पैसे न घेता केलेले कामही जनगणनेच्या आजवरच्या व्याख्येत 'काम' धरले गेले आहे. २००१ पासून घरापुरते दूध काढणेसुद्धा त्यात आले. तेव्हा गणक दारात आला की घरातल्या पुरुषाने परस्पर उत्तर देऊ नये. बाईला बाहेर बोलवावे आणि तिनेच सांगावे की मी लावणी करते, सुपाऱ्या सोलते, म्हशीचे दूध काढते.

चूल, धुणी आणि आजाऱ्याची उस्तवार मात्र त्या व्याख्येत बसत नाही. ती कामे घरातल्या घरात वाटून घ्यायला कोणाची ना आहे? सुरुवात भात शिजवणाऱ्या त्या थोरलीपासून करावी आणि तिच्या भावालाही भात शिजवायला शिकवावे.