कावेरीच्या माहेरचा पाहुणचार

स्नानाच्या वेळी आपण ज्या सात नद्यांची नावे घेतो, त्यांतील गोदावरी आपल्या घरची, नर्मदा आपल्या शेजारची. पण शेवटी जिचे नाव येते त्या कावेरीचे माहेर आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? वाचकहो, खरे सांगायचे तर गेल्या मार्चपर्यंत मीही ते पाहिले नव्हते. मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि आम्ही उभयतांनी ठरवले, की या वेळी थंड हवेच्या नेहमीच्या गजबजलेल्या ठिकाणी न जाता कोडगूला जायचे.

कोडगू म्हणजे इंग्रजी अमदानीतील कूर्ग. १८३४ साली इंग्रजांनी हालेरी घराण्याच्या राजाकडून हे छोटेसे राज्य घेतले. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे ते भारतीय संघराज्यातील एक स्वतंत्र राज्य होते आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, सामील झाले. आपल्या सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा आणि पुढे त्याच पदावर आलेले जनरल थिमय्या हे दोघेही याच भूमीचे सुपुत्र. एवढ्याशा डोंगराळ मुलखाने देशाला किती शूर माणसे दिली, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

या जिल्ह्यात आगगाडी नाही. म्हैसूरला गाडी सोडून मोटारीने हुणसूरमार्गे निघावे. सपाट रान, तंबाखूची शेते आणि नारळाची झाडे मागे पडतात. मग रस्ता नागरहोळेच्या अरण्याच्या कडेकडेने जातो आणि तितिमतीचे जंगल ओलांडल्यावर पाहता पाहता सारे दृश्य पालटते. दोन्ही बाजूंना उंचच उंच झाडे, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिऱ्याचे वेल आणि त्या सावलीत, माणसाच्या खांद्याएवढी, काळसर हिरव्या पानांची कॉफीची झुडपे. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे एकतृतीयांश कॉफी या एका जिल्ह्यात होते, हे ऐकून ठाऊक होते; त्याचा अर्थ काय, तो येथे डोळ्यांना दिसला.

आमचे दैव बलवत्तर होते. आम्ही पोचण्याच्या आठ-नऊ दिवस आधी वळवाची एक चांगली सर येऊन गेली होती. कॉफीची कळी झाडावर कोरडी, मुकी बसलेली असते. अशी एक सर मिळाली की आठवड्या-दीड आठवड्यात सारा मळा एकदम फुलतो. फांदीन्‌फांदी पांढऱ्या झुबक्यांनी झाकून जाते, जणू रात्रीतून हिम पडले! वास मोगऱ्याच्या जातीचा, पण अधिक गोड. हा बहर दोन-चार दिवसच टिकतो. त्या दोन-चार दिवसांत आम्ही विराजपेटेजवळच्या एका मळ्यातील घरी पाहुणे म्हणून उतरलो होतो.

घराची मालकीण सत्तरीच्या पुढची. कोडव भाषेत अव्वा म्हणजे आई. गडीमाणसे त्यांना तसेच म्हणत, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणू लागलो. कोडव स्त्रिया साडीच्या निऱ्या पाठीमागे काढतात आणि पदर खांद्यावरून घेऊन पुढे खोचतात. त्या वेषात, हातात कोयती घेऊन मळ्यातून येणारी ती ताठ वृद्धा पाहिली, की हे लढवय्यांचे कुळ आहे हे सांगावे लागत नसे. मुलगा बंगळूरला नोकरीस. मळ्याचा सारा कारभार अव्वांच्या शिरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, “मांस चालते ना? पंदी?”

पंदी म्हणजे डुक्कर. कोडगूतील पंदी करी प्रसिद्ध आहे. धने, जिरे, मोहरी व मिरे काळपट होईतो भाजून, कुटून केलेला तो रस्सा आणि त्यासोबत तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, म्हणजे कडंबुट्टू, ही सप्टेंबरात येणाऱ्या शस्त्रपूजेच्या कैलपोळ्द सणाची थाळी. पूर्वी त्यासाठी रानडुकराची शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि आता पाळलेल्या डुकराचेच मांस चुलीवर चढते. मी मांसाहारी; पण आमच्या घरच्या यजमानांनी जन्मात मासळीलाही हात लावलेला नाही. ते संकोचाने काही बोलणार तोच अव्वा म्हणाल्या, “तुमच्यासाठी दुसरे आहे. काळजी करू नका.”

त्या दिवशी त्यांनी जे केले तो काही कोडगूचा परंपरागत पदार्थ नव्हे. त्यांच्या घरची ती एक खास युक्ती. इंग्रज मळेवाले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर येथे आले आणि त्यांच्या बंगल्यांत नाताळला हॅम होऊ लागला. हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचे, मीठ लावून मुरवलेले आणि बहुधा धुरी दिलेले मांस. त्यावर साखरेचा किंवा मधाचा चकचकीत मुलामा चढवून ते भाजतात. मांस मिठात मुरवून चुलीवरच्या धुरात टांगणे कोडवांना नवीन नव्हतेच. येथल्या चार महिन्यांच्या धुवांधार पावसात मांस टिकवायचा दुसरा उपाय कोणता? नवीन होता तो मुलामा. अव्वांच्या सासूबाईंनी तो पाहिला आणि आपल्या पद्धतीने केला.

गृहिणींच्या उपयोगी पडेल म्हणून कृती तपशिलाने देते.

किलोभर वजनाचा, हाड काढलेला मांडीचा तुकडा आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवला होता, म्हणजे जास्तीचे मीठ निघून जाते. सकाळी ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात मूठभर मिरे घालून तो तास-दीड तास मंद आचेवर उकडला. येथे एक इशारा दिला पाहिजे. डुकराच्या मांसातून पट्टकृमीची बाधा होऊ शकते आणि घरगुती मीठ-धुरीने ती टळेलच असे नाही. म्हणून मांस मध्यभागापर्यंत पूर्ण शिजलेच पाहिजे. मांसात खुपसायचा तापमापक असल्यास तो ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला पाहावा. एवढे काम उरकून ठेवले, की पुढचे काम अवघ्या दहा मिनिटांचे.

दुपारी अंगणात तीन दगडांवर लोखंडी जाळी मांडली. खाली कॉफीच्या जुन्या खोडांचे निखारे. ज्वाला पूर्ण शमून निखाऱ्यांवर राखेची पातळ साय येईपर्यंत अव्वांनी कोणाला घाई करू दिली नाही. तोवर त्यांनी तुकड्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या केल्या आणि कडेच्या चरबीला जागोजाग चिरा दिल्या. चिरा न दिल्यास चरबी आकसते आणि चकती द्रोणासारखी वळते. चकत्या जाळीवर पडल्या. प्रत्येक बाजूस तीन-चार मिनिटे. जाळीच्या तपकिरी रेघा उमटल्या, चरबी थेंबथेंब गळून निखारे फुरफुरू लागले, आणि मग मुलामा आला.

हा मुलामा दोनच गोष्टींचा. एक मध आणि दुसरी काचंपुळी. काचंपुळीला मराठी नाव नाही, पण तिचे नाते आपल्याशी फार जवळचे आहे. आपल्या कोकणातील रातांबा ज्या कुळातला, त्याच कुळातले एक झाड येथल्या जंगलात आहे. त्याला लहानशा भोपळ्यासारखी, खाचा असलेली पिवळी फळे लागतात. पावसाळ्यात ती गोळा करून टोपलीत भरतात व खाली भांडे ठेवतात. फळे सडत जातात, रस ठिबकत राहतो आणि तो मडक्यात आटवून आटवून डांबरासारखा काळा व दाट करतात. हे आगळ वर्षानुवर्षे टिकते. मी बोटाचे टोक चाखून पाहिले आणि मालवणच्या आजोळचे आमसूल आठवले. मात्र हे त्याहून कितीतरी जहाल आंबट. शेकडो कोसांवरच्या या डोंगरात आपल्याच घरची आंबटाई भेटावी, यात काही वेगळाच आनंद आहे.

एक लहान चमचा काचंपुळी, तीन मोठे चमचे मध आणि अर्धा चमचा भरड कुटलेले मिरे. एवढे एका वाटीत, निखाऱ्यांच्या कडेला ठेवून किंचित पातळ करायचे. मीठ मुळीच नको. केळीच्या पानाचा देठ ठेचून केलेल्या कुंचल्याने ते चकत्यांवर अगदी शेवटी लावायचे. मध आधी लावला तर तो करपतो व कडू होतो. एक हात द्यावा, चकती उलटावी, मिनिटभराने दुसरा हात द्यावा; वर काळसर लाल, आरशासारखी चमक आली की लगेच उतरवावे. बरोबर तव्यावरून काढून निखाऱ्यांवर फुगवलेली अक्की ओट्टी, म्हणजे भात व तांदळाचे पीठ एकत्र मळून केलेली भाकरी. यजमानांसाठी धुतलेल्या वेगळ्या जाळीवर रताळ्याच्या आणि अननसाच्या चकत्या, वेगळा कुंचला आणि मुलाम्याची वेगळी वाटी होती. अननसाची चव घेऊन ते माझ्याकडे पाहून नुसते हसले.

परंतु वाचकहो, हा लेख मी केवळ कृती सांगण्यासाठी लिहीत नाही.

मुलामा करताना अव्वांनी मधाची बाटली कपाटातून कुलूप काढून आणली होती. चमचे मोजून घेतले, चमच्याला चिकटलेला मधही बोटाने निपटून वाटीत घेतला. एवढ्या उदार हाताची बाई मधाच्या बाबतीत इतकी काटेकोर का, हे मला कळेना. जेवणानंतर मी विचारले तेव्हा त्या मला घराच्या मागे घेऊन गेल्या. छपराखाली मधमाश्यांच्या जुन्या लाकडी पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी मोजल्या, तीस भरल्या. साऱ्या रिकाम्या.

कोडगूचा मध एके काळी देशभर नावाजलेला होता. घराघरांत सातेरी माशीच्या पेट्या असत. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरी माशीवर थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूजन्य रोग आला. त्यात माशीची अळी कोशात जाण्याआधीच मरते. तिचे कातडे पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे होते. नवी पिढीच जन्माला येत नाही, मग पोळे आपोआप ओस पडते. कित्येक भागांत दहांतील नऊ वसाहती नष्ट झाल्या. यावर औषध नव्हते, आजही नाही. ज्या थोड्या वसाहती रोगातून तगल्या, त्यांच्याच वंशातून पुन्हा वाढ करायची, एवढाच मार्ग.

“एका उन्हाळ्यात सगळ्या गेल्या,” अव्वा म्हणाल्या. “माझे पती रोज पहाटे पेट्यांना कान लावून पाहत. एक दिवस त्यांनी कान लावणे सोडले.”

आता त्यांच्याकडे दोन पेट्या भरलेल्या आहेत. आम्ही खाल्लेला मध त्या दोन पेट्यांतील होता.

ही हानी केवळ मधाची नव्हे. कॉफीच्या रोबस्टा जातीच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचा पराग चालत नाही. तो दुसऱ्या झाडाकडून यावा लागतो. काही काम वारा करतो, पण माश्या असल्या की फळ अधिक धरते. आणि बहर तर दोन-चार दिवसांचाच. शिवाय माश्यांना वर्षभर फुले हवीत, घरटी करायला जुन्या झाडांच्या ढोली हव्यात. मळ्यांतील जांभूळ, फणस, अंजिराच्या जातीची रानझाडे तोडून त्यांच्या जागी लवकर वाढणारा व लाकडाला चांगला भाव देणारा, मूळचा ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक लावण्याकडे अनेकांचा कल झाला आहे. अव्वांच्या मुलाचेही तेच म्हणणे. हिशेब त्याचा चुकीचा नाही; मजुरी वाढली, कॉफीचा भाव दर वर्षी वेगळा. रानझाडांच्या सावलीचे पैसे कोणी देत नाही. ज्या झाडापासून काचंपुळी होते, तेही असेच एक रानझाड. म्हणजे त्या दुपारच्या वाटीतील दोन्ही गोष्टी त्या सावलीच्याच होत्या.

मी त्यांना आपल्या महाबळेश्वराजवळच्या मांघरविषयी सांगितले. २०२२ साली ते गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. घराघरांतून तेथे मधपेट्या आहेत. अव्वांनी सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “तिथली माणसे आपली झाडे तोडत नाहीत ना?”

निघण्याच्या दिवशी पहाटे त्यांनी मला फुललेल्या मळ्यात नेले आणि ओठांवर बोट ठेवले. प्रथम काहीच ऐकू येईना. मग हळूहळू, दूरच्या तंबोऱ्यासारखा, एक बारीक नाद कानी आला. वर कोठेतरी उंच झाडावरची आग्या माशी आली होती आणि खाली, माझ्या हाताशी, पांढऱ्या झुबक्यावर एक लहानशी सातेरी बसली होती. “ही माझी,” अव्वा म्हणाल्या. जणू शेजाऱ्याच्या अंगणात खेळणारे आपले मूल ओळखावे! त्यांनी मुलाला या बहरासाठी मुद्दाम बोलावले होते. तो दुसऱ्या दिवशी येणार होता. सिल्व्हर ओकाची रोपे घ्यायची की नाही, याचा निर्णय तेव्हा होणार होता. आम्ही मात्र त्या आधीच म्हैसूरच्या वाटेला लागलो.

आपण कोडगूस जाल तेव्हा तलकावेरी अवश्य पाहा, मडिकेरीचा किल्ला पाहा. बहर पाहायचा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, वळवाच्या सरीनंतर जा. परत येताना काचंपुळीची एक लहान बाटली आणा. माशाच्या कालवणात दोन थेंब पुरतात. आणि मध घ्याल तेव्हा तो कोणत्या मळ्यातला, तेथे कोणती झाडे आहेत, हे विकणाऱ्याला विचारा. सावली राखणाऱ्याला चार पैसे अधिक द्यावे लागले, तर घासाघीस करू नका.