दिसलो का?

आमच्या घराण्याने टीव्हीवर आजवर एकूण किती वेळ काढलाय, याचा हिशेब मी एकदा मांडला होता. ऑफिसात काम नव्हतं आणि एक्सेल शीट उघडी होती, म्हणून! आत्या: ४ सेकंद (वादग्रस्त). बाबा: ११ सेकंद. आई: सव्वादोन मिनिटं, वजा एक वाक्य. टोटल जेमतेम अडीच मिनिटं. डोंबिवलीच्या वन-बीएचके फ्लॅटमधल्या माणसांनी आणखी किती फेमस व्हायचं?

सुरुवात आत्याने केली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्यानंतर चारेक वर्षांत आत्याच्या शाळेला समूहगीतासाठी वरळीच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. आत्या तेव्हा अकरा वर्षांची, दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. गिरगावातल्या आमच्या चाळीत टीव्ही एकच, तोही लाकडी शटरचा. त्या संध्याकाळी त्या खोलीत चाळीतले तीन मजले कोंबले गेले होते म्हणे. गाणं सुरू झालं, कॅमेरा रांगेवरून सरकत सरकत आत्यापर्यंत आला आणि... पडद्यावर मुंग्या! गच्चीवर कोणीतरी अँटेना फिरवायला धावलं. चित्र आलं तेव्हा कॅमेरा पुढे गेला होता.

पण आजी ओरडली, "दिसली गं बाई, दिसली!" आणि विषय संपला.

म्हणजे आजीपुरता संपला. बाबांचं म्हणणं, मुंग्यांच्या आधी जी दिसली ती शेजारची मुलगी होती. दोन वेण्यांवरून काय ओळखणार, अख्खी रांगच दोन वेण्यांची! हे भांडण दर भाऊबीजेला होतं. रेकॉर्डिंग कुठेच नाही, त्यामुळे निकाल लागायची शक्यताही नाही.

मग मध्ये बराच दुष्काळ. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं तेव्हा बाबांनी फोन लावून लावून आमच्या लँडलाइनची बटणं झिजवली. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला आणि त्यानंतर महिनाभर आमच्या जेवणाच्या ताटावर जनरल नॉलेज वाढलं जात होतं. बाबांना उलटा फोन काही आला नाही. बिल आलं.

बाबांचा नंबर लागला २००५ मध्ये. २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आकडा नंतर कळला. आम्हाला त्या दिवशी एवढंच माहीत होतं की बाबा फोर्टातल्या ऑफिसमधून दुपारी निघालेत आणि गाड्या बंद आहेत. मोबाईल लागत नव्हता. संध्याकाळी आमच्याकडची लाइट गेली. आई रात्रभर मेणबत्ती घेऊन खिडकीत बसली होती. मी तिला दोनदा सांगितलं, "झोप गं." तिने उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांचा लँडलाइन जिवंत होता आणि त्यावर नाशिकची मावशी हातघाईवर आली होती. "अगं, ताईला सांग, भाऊजी दिसले! टीव्हीवर! ठाण्याला आहेत!"

झालं असं होतं की, कुर्ल्यापासून रुळांवरून चालत आलेल्या बाबांसमोर एका हिंदी चॅनेलच्या पोराने माइक धरला होता. "आपको कैसा लग रहा है?" आणि आमच्या बाबांनी, रात्रभर चालून, अख्ख्या देशाला सांगितलं, "लगने का क्या है? एक चप्पल वाहून गया."

अकरा सेकंद. त्या चॅनेलने दिवसभर तेच फिरवलं. पुढे कितीतरी महिने ऑफिसात बाबांना 'चप्पल' म्हणायचे. आम्ही मात्र तो बाइट पाहिलाच नाही, आमच्याकडे लाइट दोन दिवसांनी आली. आई काकूंच्या दारात फोन धरून उभी होती आणि मावशीला पुन्हा पुन्हा विचारत होती, "नक्की ना? निळा शर्ट होता ना?" मला तो फोनच आठवतो.

आता आईची सव्वादोन मिनिटं.

२००४ मध्ये अल्फा मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि आदेश बांदेकर घरोघरच्या वहिनींचे भावोजी झाले, हे तुम्हाला सांगायला नको. मग गल्लोगल्ली त्याच्या कॉप्या निघाल्या. गणपतीत, नवरात्रात, कुठेही. आमच्या सोसायटीत २००७ च्या गणपतीत लोकल केबलवाल्यांनी अशीच एक स्पर्धा ठेवली. दोन कॅमेरे, एक हौशी अँकर, पहिलं बक्षीस पैठणी (सेमी). आईला काकूंनी ढकललं.

उखाणा झाला. "साहेब घरात मदत करतात का?" झालं. हशा झाला. मग अँकरने विचारलं, "वहिनी, लग्नानंतर काय राहून गेलं?" आधीच्या दोघींनी सिंगापूर आणि काश्मीर सांगितलं होतं. आई म्हणाली, "नोकरी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. ही झाली तेव्हा सोडली."

"वा! घरासाठी केवढा त्याग! जोरदार टाळ्या..."

"मला सोडायची नव्हती," आई म्हणाली. माइकमध्येच.

टाळ्या जरा विस्कटल्या. अँकर हुशार, त्याने लगेच फुगे फोडायचा खेळ सुरू केला. आईचा दुसरा नंबर आला. बक्षीस: तीन कॅसरोलचा सेट.

'ही' म्हणजे मी. माझ्या जन्माच्या गोष्टीत आईची नोकरी कधीच नव्हती. पेढे होते, पाऊस होता, डॉक्टर उशिरा आले हे होतं. तेवीस वर्षांत मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं. बाबा मंडपात तिसऱ्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्या रविवारी टेलिकास्ट. घरात चौदा माणसं, खास गिरगावहून आलेल्या आत्यासकट. बटाटेवडे. आई पडद्यावर आली तशी आत्या ओरडली, "दिसली!" उखाणा दाखवला, हशा दाखवला, नोकरी सोडली हे दाखवलं, टाळ्या दाखवल्या. आणि थेट फुगे. मधलं वाक्य कापलेलं. एडिटिंग इतकं सफाईदार की मलाच क्षणभर वाटलं, आई ते बोललीच नव्हती की काय!

सगळे म्हणाले, छान दिसत होतीस. साडी उठून दिसत होती. आई वडे तळायला आत गेली.

बाबा तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. बाबा एरवी तिकडे पाणी प्यायलाच जायचे. मी दाराशी प्लेट्स घेऊन उभी.

"ते वाक्य दाखवलं नाही त्यांनी," बाबा म्हणाले.

"कुठलं?"

"शेवटचं. सोडायची नव्हती, ते."

आईने झारा तसाच धरला होता. "तुम्ही ऐकलंत?"

"अगं, म्हणजे काय... समोरच बसलो होतो."

एवढंच. कोणी रडलं नाही, कोणी कोणाचा हात धरला नाही. वडा जरा करपला.

पुढच्या वर्षी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आई स्टेशनजवळच्या एका पतपेढीत काउंटरवर बसू लागली. पगार सांगण्यासारखा नव्हता. कॉम्प्युटर मी शिकवला. माउस पहिल्यांदा धरला तेव्हा तिने तो लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला होता. जाहिरातीचं कात्रण पेपरातून कापून फ्रिजवर चिकटवलं होतं. बाबांनी. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

केबलवाल्याकडून शंभर रुपयांना घेतलेली त्या कार्यक्रमाची सीडी कपाटात आहे. लावणार कशावर? घरातल्या एकाही लॅपटॉपला आता ड्राइव्ह नाही. कॅसरोल मात्र दोन उरलेत.

आईच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली तेव्हा त्यातल्याच एकात बाबांनी उपमा करून ठेवला होता. आयुष्यातला पहिला. मीठ दुप्पट, गाठी हव्या तेवढ्या. आईने पर्स खांद्यावरून न काढता एक चमचा खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली,

"अहो, आज बोलवायला हवा होता कॅमेरा."